पगारपत्रकातलं संगीत

जॅझच्या इतिहासावरचं कुठलंही जाडजूड पुस्तक उघडा, मानाची पानं कुणाच्या वाट्याला येणार हे आधीच ठरलेलं असतं. लुई आर्मस्ट्राँग, ड्यूक एलिंग्टन, चार्ली पार्कर, माइल्स डेव्हिस. कॅब कॅलोवे येतो तो एखाद्या परिच्छेदापुरता: पांढराशुभ्र टेलकोट, कपाळावर झेपावणारे केस, ‘हाय-डी-हो’ची ललकारी आणि तिला सगळ्या सभागृहानं दिलेलं उत्तर. तेवढं सांगून लेखक पुढच्या, ‘खऱ्या’ संगीताकडे वळतो. कॅलोवे लोकांना रिझवणारा होता, आणि रिझवणाऱ्याला कलावंतांच्या पंगतीत पाट मांडायला समीक्षकांचं मन धजत नाही. आपल्याकडेही एखाद्याला गल्लाभरू म्हटलं की त्याच्याविषयी आणखी काही ऐकून घ्यायची गरज कुणाला वाटत नाही.

हा निवाडा मला अन्यायाचा वाटतो. अन्याय एका माणसापुरता असता तर त्यावर एवढं लिहायचं कारण नव्हतं. पण त्याच्या मुळाशी कलेविषयीची एक अपुरी कल्पना आहे. कला म्हणजे एकट्या प्रतिभावंताच्या आतून उमललेलं काहीतरी, आणि बाकीचा सगळा व्यवहार, असं आपण धरून चालतो. पंधरा-सोळा वादकांना वर्षानुवर्षं एकत्र ठेवणं, त्यांच्या पोटाची सोय लावणं, त्यांच्या निरनिराळ्या स्वभावांतून एक आवाज घडवणं आणि त्यांच्यातल्या गुणी माणसाला पुढे येऊ देणं, हे काम या कल्पनेत कुठे बसवायचं? कॅलोवेनं आयुष्याची ऐन वर्षं त्यात घातली. तो गायक म्हणून मोठा होता, रंगमंचावरचा माणूस म्हणून अफाट होता. पण या दोन्हींच्या बळावर त्यानं जो बँड उभा केला आणि टिकवला, ती त्याची सर्वांत मोठी निर्मिती होती, असं माझं म्हणणं आहे.

कॅलोवेचा जन्म २५ डिसेंबर १९०७चा, न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरचा. वाढला बाल्टिमोरमध्ये. वडील वकील, आई शिक्षिका आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी. मुलानंही वकील व्हावं अशी घरच्यांची इच्छा, आणि शिकागोत त्यासाठी त्यानं कॉलेजात नावही घातलं होतं. पण शिकागोला तो पोचला होता तो थोरल्या बहिणीच्या, ब्लांचच्या, मागोमाग. ती ‘प्लँटेशन डेज’ या फिरत्या नाट्यगायनाच्या कार्यक्रमात गात असे. रात्री क्लबांत गाता गाता दिवसाचं कॉलेज मागे पडलं. तिथल्या सनसेट कॅफेमध्ये त्याची गाठ आर्मस्ट्राँगशी पडली, आणि शब्द टाकून देऊन निव्वळ निरर्थक अक्षरांनी गायची ‘स्कॅट’ ही रीत त्यानं आर्मस्ट्राँगकडून उचलली. आपल्या तराण्याशी तिचं दूरचं साम्य वाटेल. पण तराण्याचे बोल परंपरेनं हाती आलेले असतात. स्कॅटमध्ये गायक बोल त्या क्षणी घडवतो, आणि ते घडवताना ट्रम्पेट किंवा ट्राँबोनच्या तोंडातून निघाल्यासारखे घडवतो.

१९२९ साली तो अलाबामियन्स नावाचा बँड घेऊन न्यूयॉर्कला आला. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, हार्लेममधल्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये दोन बँडांचा सामना लावायची पद्धत होती. त्या सामन्यात अलाबामियन्स मिसूरियन्स नावाच्या बँडपुढे हरले. पण समोर उभा राहून बँड चालवणारा तो तरुण लोकांच्या नजरेत भरला होता. थोडे दिवस ब्रॉडवेवरच्या ‘हॉट चॉकलेट्स’ या नाच-गाण्याच्या कार्यक्रमात काढल्यावर १९३० साली, ज्यांनी त्याला हरवलं होतं त्याच मिसूरियन्सनी त्याला आपला प्रमुख केलं. हाडाच्या वादकांनी त्याला नेमलं, ही गोष्ट त्याला नुसता नाचरा गवई समजणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवी. आपल्या वाजवण्याला लोकांपर्यंत नेणारं काहीतरी या माणसात आहे, हे त्यांना उमगलं होतं. पुढे बँडला नावही त्याचंच मिळालं.

हार्लेमच्या कॉटन क्लबमध्ये १९२७पासून एलिंग्टनचा बँड वाजत होता. तो दौऱ्यावर जाऊ लागला तेव्हा जागा भरायला कॅलोवेला बोलावलं गेलं, आणि १९३१पासून कॅलोवेचा बँड तिथला घरचा बँड झाला. त्याच वर्षी ३ मार्चला त्यानं ‘मिनी द मूचर’ ध्वनिमुद्रित केलं. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. दहा लाख प्रती खपलेली कृष्णवर्णीय कलाकाराची पहिली तबकडी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. कॉटन क्लबमधून रेडिओवर होणाऱ्या प्रक्षेपणानं तो आवाज देशभरच्या दिवाणखान्यांत पोचला. एकदा प्रक्षेपण चालू असताना शब्द आठवेनात, तेव्हा तोंडाला येईल ती अक्षरं गाऊन वेळ मारून नेली आणि त्यातूनच ‘हाय-डी-हो’ रुजलं, अशी हकीकत तो स्वतः सांगे.

हे गाणं नीट ऐकावं. मिनी ही स्वीडनच्या राजाची आणि सोन्याच्या घराची स्वप्नं पाहणारी, अफूच्या अड्ड्यावर ओढली गेलेली बाई. कथा दुःखाची, चाल उदास मायनर स्केलमधली आणि तिच्या मधोमध प्रेक्षकांना साद घालणारा खेळ. गायक एक निरर्थक ओळ फेकतो, बँड आणि श्रोते ती परत करतात; पुढची ओळ आणखी अवघड, मग त्याहून अवघड, शेवटी कुणालाच ती पकडता येत नाही आणि सगळे हसू लागतात. दुःखाच्या गोष्टीत एवढं हसू पेरूनही गोष्ट हलकी होत नाही, कारण कॅलोवेचा गळा ती तोलून धरतो. खर्जातला भारदस्त स्वर आणि तिथून थेट तार स्वरातली किंकाळी, दोन्हींत शब्दाचा प्रत्येक कोपरा स्वच्छ. १९३०मध्ये त्यानं ध्वनिमुद्रित केलेलं ‘सेंट जेम्स इन्फर्मरी’ ऐकलं तर रिझवण्याच्या पलीकडे या गळ्यात काय होतं ते कळतं. मेलेल्या प्रेयसीपुढे उभ्या असलेल्या माणसाचा तो शोक आहे. मॅक्स फ्लायशर यांच्या स्टुडिओनं १९३३च्या ‘स्नो-व्हाइट’ या बेटी बूपच्या व्यंगचित्रपटात तेच गाणं वापरलं आणि कॅलोवेच्या नाचाच्या चित्रफितीवरून एकेक चौकट गिरवून त्याची चाल चित्रातल्या भुताला दिली. एका गायकाची देहबोलीही जपून ठेवण्याजोगी रचना आहे, हे त्या चित्रकारांना समीक्षकांच्या कितीतरी आधी उमजलं होतं.

आता या यशाची दुसरी बाजू. कॉटन क्लबच्या रंगमंचावर सगळे कलाकार कृष्णवर्णीय आणि समोर बसलेले प्रेक्षक गोरे, असा तिथला नियम होता. मालकी ओनी मॅडन या गुंडाची. सजावट दक्षिणेतल्या गुलामगिरीच्या काळच्या मळ्यांची आठवण करून देणारी. समूहनृत्यातल्या मुली उजळ कातडीच्याच हव्यात असा हट्ट. कॅलोवेची अफूच्या अड्ड्यांची गाणी म्हणजे हार्लेमची सैर करायला आलेल्या गोऱ्या श्रीमंतांना विकलेलं, त्यांना हवं तसं रंगवलेलं काळ्यांचं जग होतं, हा आक्षेप जुना आहे आणि तो मी खोडून काढणार नाही. त्यात तथ्य आहे. मॅनेजर इर्व्हिंग मिल्स गाण्यांच्या श्रेयात स्वतःचं नाव घालून मिळकतीतला वाटा घेई; बाजार कुणाच्या हातात होता हे त्यावरूनही कळतं.

तरीही त्या रंगमंचाकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहता येतं. मळ्याच्या देखाव्यापुढे एक तरुण कृष्णवर्णीय माणूस टेलकोट घालून, हातात लांब बॅटन घेऊन उभा आहे, आणि त्याच्या मनगटाच्या इशाऱ्यावर कडक इस्त्रीच्या कपड्यांतले, एकाहून एक तयार वादक उठताहेत, बसताहेत, वाजवताहेत. मळ्यावर हुकूम गोऱ्या मुकादमाचा चाले. इथे हुकूम याचा होता. हे बंड होतं असा दावा मी करणार नाही. पण जी चौकट त्याच्या माथी मारली गेली होती तिच्यात राहून त्यानं स्वतःसाठी आणि बँडसाठी मिळवता येईल तेवढी प्रतिष्ठा मिळवली. ज्यांच्यापुढे दुसरा दरवाजाच उघडा नव्हता, त्यांनी उघड्या दरवाजातून आत जाऊन काय केलं, हे न पाहता त्यांचा न्याय करणं आपल्याला सोपं जातं, कारण आपण दरवाजाबाहेर थंडीत उभे नसतो.

आणि आत जाऊन त्यानं काय केलं? मंदीची वर्षं होती. अमेरिकेत कोटीभर माणसं बेकार होती, वादकांची अवस्था तर विचारूच नये. त्या काळात कॅलोवेच्या बँडमधली नोकरी ही कृष्णवर्णीय वादकांसाठी सर्वांत चांगल्या पगाराच्या नोकऱ्यांपैकी एक होती. दक्षिणेतल्या दौऱ्यात बँडला हॉटेलं दार उघडत नसत, उपाहारगृहं जेवण देत नसत. त्यावर उपाय म्हणून बँड रेल्वेच्या स्वतःच्या पुलमन डब्यातून प्रवास करी: तिथेच झोपायचं, तिथेच सामान. त्याला ऐट म्हणणाऱ्यांनी हेही समजून घ्यावं, की त्या डब्यामुळे सोळा माणसांना रोज रात्री अंग टाकायला जागा शोधत, अपमान गिळत फिरावं लागत नव्हतं. बास वाजवणारा मिल्ट हिंटन १९३६ ते १९५१ एवढी वर्षं कॅलोवेबरोबर राहिला. दौऱ्यांत त्यानं काढलेली छायाचित्रं आज वर्णभेदाच्या त्या दिवसांचा मोलाचा दस्तऐवज मानली जातात. बारीकसारीक गैरशिस्तीवर कडक नजर ठेवणारा मालक होता कॅलोवे. वेळ, कपडे, वागणूक याबाबतीत सूट नसे. पण पगार वेळच्या वेळी होई, आणि ज्यानं फिरत्या कलाकारांचं जग जवळून पाहिलंय त्याला या एका वाक्याचं वजन सांगायला नको.

पगार देणं म्हणजे संगीत नव्हे, असं कुणी म्हणेल. म्हणून त्या पगारातून निघालेल्या संगीताकडे पाहू. गायक हाच बँडचा प्रमुख असला की वादकांनी मागे बसून ठेका धरायचा, अशी सर्वसाधारण रीत. कॅलोवेच्या बँडची त्या वर्षांची ध्वनिमुद्रणं वेगळं सांगतात. १९३९ साली ‘प्लकिन द बास’मध्ये हिंटनचा बास पुढे आला, बासवादकाला असं मध्यभागी आणणं तेव्हा विरळा होतं. त्याच वर्षी ‘क्रेसेंडो इन ड्रम्स’ कोझी कोलसाठी. १९४०मध्ये चू बेरीच्या टेनर सॅक्सोफोनला ‘अ घोस्ट ऑफ अ चान्स’ अख्खं देऊन टाकलं, आणि ते आजही त्या वाद्याच्या उत्तम वादनांत गणलं जातं. १९४१मध्ये ट्रम्पेटवाला जोना जोन्स बँडमध्ये आला तेव्हा त्याच्या आगमनाचीच रचना झाली. यांतल्या बहुतेक रचनांत कॅलोवे गात नाही. ज्याचा आवाज ऐकायला लोक तिकीट काढत, त्यानं आपल्या तबकड्यांवर दुसऱ्यांना एवढी जागा द्यावी, हा निर्णय सांगीतिक आहे, आणि तो बँडप्रमुखानं घेतलेला आहे.

डिझी गिलेस्पीचं प्रकरण कॅलोवेच्या विरोधात नेहमी काढलं जातं. १९३९मध्ये क्यूबाचा ट्रम्पेटवादक मारिओ बाउझा यानं गिलेस्पीला बँडमध्ये आणवलं. गिलेस्पी वाजवी त्या नव्या, वेड्यावाकड्या वाटणाऱ्या स्वरसंगती कॅलोवेला रुचत नसत; ‘चिनी संगीत’ म्हणून तो त्यांची हेटाळणी करी. सप्टेंबर १९४१मध्ये हार्टफर्डला रंगमंचावर कुणीतरी कागदाचा ओला बोळा फेकला. कॅलोवेनं गिलेस्पीवर आळ घेतला, बाचाबाची हातघाईवर आली, गिलेस्पीनं चाकू काढला, आणि त्याची नोकरी गेली. बोळा फेकणारा जोना जोन्स होता हे नंतर सर्वांना कळलं. कॅलोवे त्या रात्री चुकला, आणि येऊ घातलेलं नवं जॅझ, म्हणजे बीबॉप, त्याला ओळखता आलं नाही, हेही खरं.

पण हिशेब पुरा करायचा तर दुसरा स्तंभही भरायला हवा. गिलेस्पीनं रचलेलं ‘पिकिन द कॅबेज’ १९४०मध्ये ध्वनिमुद्रित केलं ते कॅलोवेच्याच बँडनं. दोन खेळांच्या मधल्या वेळात गिलेस्पी आणि हिंटन क्लबच्या गच्चीवर जाऊन त्या नव्या स्वरसंगती घासून पाहत, असं हिंटननं सांगून ठेवलं आहे. बाउझाच्या शेजारी बसून गिलेस्पीला क्यूबाच्या लयीची गोडी लागली ती याच बँडमध्ये, आणि १९४७मध्ये चानो पोझो या तालवाद्यकाराला घेऊन त्यानं जॅझला जे आफ्रो-क्यूबन वळण दिलं त्याचं बी तिथलं. ज्या क्रांतीला कॅलोवे नावं ठेवत होता, ती त्याच्या पगारावर, त्याच्या डब्यात आणि त्याच्या गच्चीवर वाढत होती. प्रमुखाला प्रत्येक नव्या गोष्टीची पारख असलीच पाहिजे असं नाही. दोन गुणी माणसं एकमेकांशेजारी बसतील, त्यांची दोन वेळची भ्रांत मिटलेली असेल आणि त्यांना रोज वाजवायला मिळेल, एवढी सोय त्यानं केली तरी संगीत पुढे जातं. जॅझचे इतिहासकार गिलेस्पीची क्रांती सांगतात; ती होत असताना त्याचं घरभाडं कुठून निघत होतं, हे सहसा सांगत नाहीत.

ही सोय किती दुर्मीळ होती, हे ब्लांच कॅलोवेच्या आयुष्याकडे पाहिलं की समजतं. धाकट्या भावाच्या आधी ती रंगमंचावर आली. अंगविक्षेपांसह गाण्याची, सादेला प्रतिसाद घेण्याची तिची शैली पाहत तो वाढला. १९३१ साली तिनं ‘ब्लांच कॅलोवे अँड हर जॉय बॉइज’ हा बँड काढला. सगळे पुरुष वादक आणि प्रमुख एक कृष्णवर्णीय बाई. बेन वेब्स्टर आणि कोझी कोल हे पुढे कॅबच्या बँडमध्ये नावाजलेले वादक आधी तिच्याकडे वाजवून गेले होते. म्हणजे पारख होती, गळा होता, धडाडी होती. १९३६मध्ये मिसिसिपीतल्या याझू सिटीत पेट्रोल पंपावरचं गोऱ्यांसाठी राखलेलं स्वच्छतागृह वापरल्याच्या ‘गुन्ह्या’साठी तिला अटक झाली. दौरा कोलमडला, आणि १९३८मध्ये तिनं दिवाळखोरी जाहीर केली. पुढे तिनं रेडिओवर काम केलं, प्रसाधनांचा व्यवसाय केला, पण तो बँड पुन्हा उभा राहिला नाही. दोघं भावंडं एका घरात वाढली, दोघांची शैली एका मुळाची होती. एकाला कॉटन क्लब, रेडिओचं प्रक्षेपण, मिल्ससारखा पोचलेला मॅनेजर आणि स्वतःचा रेल्वे डबा मिळाला. दुसरीला रस्त्यावरचा पेट्रोल पंप. कारकीर्द निव्वळ गुणवत्तेतून उमलते असं मानणाऱ्यांनी या दोन आयुष्यांची पानं शेजारी शेजारी ठेवून वाचावीत.

कॅबचा मोठा बँडही कायमचा टिकला नाही. १९४२मध्ये वादकांच्या संघटनेनं ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला, तो दोन वर्षं चालला. १९४४मध्ये नाच-गाण्याच्या जागांवर जबर कर बसला. युद्धानंतर लोक एकट्या गायकांच्या तबकड्या घेऊ लागले, मग दूरचित्रवाणी आली. चाळीसचं दशक संपता संपता सोळा माणसांचा पगार एका रात्रीच्या तिकिटांतून निघेना, आणि कॅलोवेनं बँड मोडून लहान ताफा केला. एलिंग्टननं गाण्यांच्या स्वामित्वधनाचे पैसे ओतून आपला बँड शेवटपर्यंत चालवला. कॅलोवेला ते साधलं नाही. त्याच्या कलेची मर्यादा दाखवायचीच असेल तर ती मला इथे दिसते: त्याचं सगळं वैभव रोजच्या खेळावर उभं होतं.

पण रोजच्या खेळाची सवय असलेला माणूस थांबलाही नाही. गर्श्विनच्या ‘पोर्गी अँड बेस’ या ऑपेरामधलं स्पोर्टिंग लाइफ हे पात्र कॅलोवेवरूनच बेतलं होतं असं म्हणतात; १९५०च्या दशकात त्यानं ती भूमिका स्वतः केली आणि युरोपातही गाजवली. १९६७मध्ये पर्ल बेलीबरोबर ‘हॅलो, डॉली!’ हे संगीत नाटक केलं. १९८०मध्ये ‘द ब्लूज ब्रदर्स’ या चित्रपटात, सत्तरी ओलांडल्यावर, तोच पांढरा टेलकोट घालून त्यानं ‘मिनी’ गायली आणि त्याच्या नातवंडांच्या वयाच्या मुलांनी त्याला ‘हाय-डी-हो’ परत दिलं. १९९३मध्ये त्याला अमेरिकेचं राष्ट्रीय कलापदक मिळालं. पुढच्याच वर्षी तो गेला.

बँड उभा करून चालवणाऱ्यांचं काम कलेच्या हिशेबात कुठे मांडायचं, हा प्रश्न अमेरिकेपुरता नाही, आणि मुंबईला तर तो मुळीच परका नाही. १९३५मध्ये लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय अमेरिकी बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला, त्यामागून टेडी वेदरफर्डसारखे वादक आले. गोव्याच्या चर्चशाळांमधून स्वरलिपी वाचायला शिकून मुंबईत पोटासाठी आलेल्या वादकांनी त्यांच्याकडून जॅझ घेतलं. त्यांतला एक हळदोण्याचा आंतोनियो शाव्हियेर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट. कॅलोवेला स्कॅट देणारा आर्मस्ट्राँग हेच चिकचंही दैवत होतं. त्यानं स्वतःचा बँड ताजमध्ये वाजवला, आणि संगीतकार सी. रामचंद्रांबरोबर काम करून तो आवाज चित्रपटात नेला. १९५१च्या भगवानदादांच्या ‘अलबेला’त तो आणि त्याचा बँड पडद्यावरही दिसतात. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनीच, त्यातली काही गाणी स्वतः गायली, आणि घराघरांत ती आजही वाजतात. पण गोव्याच्या वादकांची, अरेंजरांची नावं बहुतेक वेळा श्रेयनामावलीत ‘सहायक’ म्हणून आली, पुष्कळदा आलीच नाहीत. चाल कुणाची हे आपण लक्षात ठेवलं. ती वाजवायला पन्नास माणसं कुणी जमवली, त्यांना सुरावट कुणी लिहून दिली, त्यांच्या चुली कशा पेटल्या, हे विचारायचं राहून गेलं.

ते विचारायला हवं. एखाद्या कलावंताची कारकीर्द तपासताना त्यानं काय निर्माण केलं याच्याबरोबरच आणखी तीन प्रश्न पुढ्यात ठेवावेत असं मला वाटतं. त्याच्यामुळे किती जणांना काम मिळालं? त्या कामात त्यांना स्वतःचं काही करायला किती मोकळीक होती? आणि हे सगळं चालवण्यासाठी त्यानं कुठल्या अटी मान्य केल्या, त्यांची किंमत कुणी मोजली? या तीन प्रश्नांवर कॅब कॅलोवेला निर्दोष ठरवता येत नाही. कॉटन क्लबच्या अटी त्यानं मानल्या, गिलेस्पीवर त्यानं अन्याय केला, आणि बहिणीला जी दारं बंद होती त्यांतून तो सहज आत गेला. पण हेच प्रश्न लावले की तो इतिहासातल्या त्या एका परिच्छेदात मावतही नाही. मंदीच्या आणि वर्णभेदाच्या काळात सोळा कृष्णवर्णीय वादकांना मानानं जगता येईल असं संगीत त्यानं लोकप्रिय करून दाखवलं, आणि त्या लोकप्रियतेच्या आडोशाला उद्याचं संगीत वाढू दिलं. लोकांना रिझवल्याशिवाय यातलं काहीच झालं नसतं. रंजन ही कलेची खालची पायरी आहे असं म्हणणाऱ्यांनी निदान एवढं तरी सांगावं, की वरच्या पायरीवर बसलेल्यांचा पगार कुठून येत होता.